संगणकाच्या पडद्यावरील रंगखोली आणि डिस्प्ले ड्रायव्हर : एक ऐतिहासिक अभ्यास (१९८१ ते २०१९)

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन करताना प्रक्रियकाचा वेग, स्मृतीची वाढती क्षमता आणि आज्ञाप्रणालींचा विकास या तीन बाबींवर प्रामुख्याने भर दिला जातो. पडद्यावर दिसणाऱ्या रंगाचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. आजच्या साध्या संगणकावरही सुमारे १ कोटी ६७ लाख रंगछटा सहज दिसतात. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीच्या रंगीत आलेखी पडद्यावर मात्र एका वेळी अवघे चार रंग दिसू शकत होते. चार रंगांपासून कोट्यवधी छटांपर्यंतचा हा प्रवास केवळ यंत्रसामग्रीच्या प्रगतीचा नाही. यंत्र, कार्यप्रणाली आणि उपयोजन यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या 'डिस्प्ले ड्रायव्हर' या आज्ञावलीचाही तो इतिहास आहे.

प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, संगणकीय चित्रातील रंग हा केवळ त्या चित्राच्या फाइलमध्ये नसतो. फाइल, कार्यप्रणाली आणि ड्रायव्हर यांच्यातील करारातून तो पडद्यावर साकार होतो. या करारातील एक पक्ष बाजूला झाला, तर फाइल शाबूत असूनही चित्र बदलते. त्यामुळे ड्रायव्हरने कोणत्या काळात कोणत्या रंगखोलीला आधार दिला आणि तो केव्हा काढून घेतला, हा प्रश्न तांत्रिक जिज्ञासेपुरता मर्यादित राहत नाही. तो अंकीय दस्तऐवजांच्या जतनाचा प्रश्न ठरतो. अभ्यासाची व्याप्ती मुख्यत्वे आयबीएम पीसी आणि त्याच्या परंपरेतील संगणकांपुरती असून, आवश्यक तेथे अन्य प्रणालींशी तुलना केली आहे.

रंगखोली : संकल्पना व गणित :

पडद्यावरील प्रतिमा असंख्य बिंदूंची बनलेली असते. या प्रत्येक बिंदूस पिक्सेल म्हणतात. एका पिक्सेलचा रंग नोंदविण्यासाठी जितके बिट खर्ची पडतात, ती त्या चित्राची रंगखोली होय. १ बिटमध्ये २ रंग, २ बिटमध्ये ४, ४ बिटमध्ये १६, ८ बिटमध्ये २५६, १६ बिटमध्ये ६५,५३६ आणि २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६ रंग नोंदविता येतात. पडद्याची रुंदी, उंची आणि रंगखोली यांच्या गुणाकारास ८ ने भागले असता लागणारी स्मृती बाइटमध्ये मिळते. पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी हेच साधे गणित आहे.

रंग नोंदविण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत पिक्सेलच्या जागी प्रत्यक्ष रंग नसतो, फक्त एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा रंग कोणता, हे 'पॅलेट' नावाच्या वेगळ्या कोष्टकावरून ठरते. ग्रंथालयातील तालिकापत्रावर ग्रंथ नसतो, त्याचा क्रमांक असतो. कपाटांची मांडणी बदलली आणि तालिका तशीच राहिली, तर त्याच क्रमांकाने भलताच ग्रंथ हाती येतो. पॅलेटचेही तसेच आहे. दुसऱ्या पद्धतीत तांबडा, हिरवा व निळा या तीन घटकांची मात्रा प्रत्येक पिक्सेलमध्ये थेट नोंदविली जाते. आठ बिटपर्यंत पहिली पद्धत रूढ होती. त्यापुढे दुसरी प्रचलित झाली.

उपलब्ध रंगखोली कोणती हे कार्यप्रणालीस सांगणे, यंत्रास त्या स्थितीत नेणे आणि उपयोजनाने मागितलेला रंग त्या मर्यादेत बसविणे, ही ड्रायव्हरची तीन प्रमुख कार्ये होत.

स्मृतीच्या मर्यादेतील रंग (१९८१ ते १९८७) :

आयबीएमच्या सीजीए कार्डावर १६ किलोबाइट, म्हणजे १६,३८४ बाइट स्मृती होती. ३२० × २०० पिक्सेलच्या पडद्यास २ बिट रंगखोली दिली, तर १६,००० बाइट लागतात. ६४० × २०० च्या पडद्यास १ बिट दिला तरी तेवढेच लागतात. स्मृती जवळपास पूर्ण भरत असल्याने तपशील हवा असल्यास रंग सोडावे लागत आणि रंग हवे असल्यास तपशील. शिवाय हे चार रंगही मुक्तपणे निवडता येत नसत. पार्श्वभूमीचा एक रंग निवडता येई, उरलेले तीन ठरावीक संचांतूनच घ्यावे लागत.

१९८४ च्या ईजीएने ६४ रंगांतून एका वेळी १६ रंग निवडण्याची सोय केली. मात्र मूळ कार्डावर ६४ किलोबाइटच स्मृती असल्याने ६४० × ३५० या उच्च विभेदनात १६ रंग मिळविण्यासाठी अधिक स्मृती विकत घेऊन बसवावी लागे. १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर आलेल्या व्हीजीएने ६४० × ४८० मध्ये १६ रंग आणि ३२० × २०० मध्ये २५६ रंग दिले. हे २५६ रंग २,६२,१४४ छटांमधून निवडता येत. कारण तांबडा, हिरवा व निळा या प्रत्येक घटकासाठी ६ बिट राखून ठेवलेले होते. ३२० × २०० च्या २५६ रंगी पडद्यास ६४,००० बाइट लागतात. प्रक्रियकास एका वेळी दिसणाऱ्या ६४ किलोबाइटच्या खिडकीत ते नेमके मावत असत. या दशकातील असंख्य खेळ व शैक्षणिक आज्ञावल्या याच विभेदनात का घडल्या, याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते.

या काळात सामायिक ड्रायव्हर ही संस्था रूढ झालेली नव्हती. डॉसच्या अमलाखाली प्रत्येक उपयोजन स्वतःचे ड्रायव्हर बरोबर आणी. लोटस १-२-३ किंवा ऑटोकॅड यांसारख्या आज्ञावलींना वेगवेगळ्या कार्डांसाठी वेगवेगळे ड्रायव्हर लागत. खेळांच्या आज्ञावल्या तर थेट यंत्राच्या नोंदवह्यांत लिहीत. म्हणजे रंगाचा करार प्रत्येक उपयोजन स्वतंत्रपणे करीत होते.

सुपर व्हीजीएचे अराजक आणि प्रमाणीकरण (१९८७ ते १९९४) :

व्हीजीएनंतर आयबीएमची मक्तेदारी संपुष्टात आली. त्सेंग लॅब्ज, ट्रायडेंट, सिरस लॉजिक, एस३ आदी कंपन्यांच्या चिपांनी ६४० × ४८० व त्याहून मोठ्या विभेदनात २५६ रंग देण्यास प्रारंभ केला. ही कार्डे 'सुपर व्हीजीए' या एका नावाने विकली जात. परंतु ती स्थिती चालू करण्याची आज्ञा प्रत्येक चिपची निराळी होती. नाव एक आणि भाषा अनेक, अशी ही अवस्था होती.

यावर उपाय म्हणून १९८९ मध्ये व्हेसा ही उत्पादकांची प्रमाणीकरण संस्था स्थापन झाली. तिच्या बायोस विस्ताराने पडद्याच्या स्थितींना सामायिक क्रमांक दिले. १९९१ च्या १.२ आवृत्तीत १५, १६ व २४ बिटच्या थेट रंगपद्धतींचा समावेश झाला. १९९४ च्या २.० आवृत्तीने पडद्याची संपूर्ण स्मृती सलगपणे उपलब्ध करून दिली. हे प्रमाणक यंत्रे बाजारात पसरल्यानंतर आले, ही बाब लक्षणीय आहे. तोवर प्रत्येक चिपसाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहिण्याची प्रथा रुळली होती. व्हेसाच्या सामायिक मार्गात रेषा, खिडक्या व चित्रे वेगाने काढणाऱ्या नव्या चिपांच्या क्षमतांचा वापर होत नसे. त्यामुळे ते प्रमाणक प्रामुख्याने डॉसच्या आज्ञावलींना उपकारक ठरले आणि विंडोजसाठी उत्पादकाचा ड्रायव्हरच अपरिहार्य राहिला.

पॅलेटची वाटणी : दोन विचारप्रणाली :

१९९० च्या विंडोज ३.० ने रंगाचा करार उपयोजनाकडून काढून कार्यप्रणालीकडे सोपविला. उपयोजनाने हवा तो रंग मागावा आणि ड्रायव्हरने शक्य तितका जवळचा रंग द्यावा, असे हे तत्त्व होते. यंत्रनिरपेक्ष बिटमॅपचे स्वरूपही याच आवृत्तीने रूढ केले. मात्र ८ बिटच्या पडद्यावर एक पेच उद्भवला. पॅलेट एकच होते, उपयोजने अनेक होती. विंडोजने २० रंग स्वतःसाठी राखून उरलेले २३६ उपयोजनांना दिले आणि ज्या खिडकीत वापरकर्ता काम करीत असेल तिच्या मागणीस अग्रक्रम दिला. परिणामी एक चित्र पुढे आले की मागील चित्राचे रंग विस्कटत. नव्वदच्या दशकात संगणक हाताळलेल्या वाचकांना हा अनुभव परिचित असेल.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९८४ मध्ये आरंभ झालेल्या एक्स विंडो प्रणालीने निराळा मार्ग पत्करला. १९८७ च्या अकराव्या आवृत्तीत पडद्याचे सहा प्रकार मानण्यात आले. स्थिर व बदलता राखाडी, स्थिर व बदलता क्रमांकित रंग आणि थेट रंगाचे दोन उपप्रकार असे ते होत. आपणापुढील पडदा कोणत्या प्रकारचा आहे, हे उपयोजनास विचारावे लागे आणि त्यानुसार स्वतःस जुळवून घ्यावे लागे. विंडोजने यंत्राचे वास्तव शक्यतो झाकले, तर एक्सने ते उघड केले. पहिल्या मार्गात आज्ञावली लिहिणे सोपे झाले, दुसऱ्यात नेमकेपणा राहिला. तथापि आठ बिटच्या पडद्यावर एक्समध्येही खिडकी बदलताच रंग पालटत. कारण उणीव विचारप्रणालीची नव्हती, ती २५६ या संख्येची होती.

या टंचाईची खूण जागतिक माहितीजालावरही उमटली. तांबड्या, हिरव्या व निळ्या घटकांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या धरून होणारे २१६ रंग कोणत्याही ब्राउझरमध्ये सारखे दिसतील, म्हणून तेच वापरावेत, असा संकेत नव्वदच्या दशकात रूढ झाला. एका ड्रायव्हरच्या मर्यादेने जगभरच्या रचनाकारांची रंगनिवड ठरविली, असे म्हणण्यास हरकत नाही.

हायकलर व ट्रूकलर :

स्मृती स्वस्त होऊ लागली तशी पॅलेटची गरज ओसरू लागली. १ मेगाबाइट स्मृतीच्या कार्डावर १०२४ × ७६८ मध्ये ८ बिट (७,८६,४३२ बाइट), ८०० × ६०० मध्ये १६ बिट (९,६०,००० बाइट) किंवा ६४० × ४८० मध्ये २४ बिट (९,२१,६०० बाइट) असे तीन पर्याय मिळत. सीजीएच्या काळातील विवंचनाच येथे मोठ्या प्रमाणावर दिसते.

सोळा बिटच्या 'हायकलर' पद्धतीत तांबड्यास ५, हिरव्यास ६ व निळ्यास ५ बिट देण्याची प्रथा पडली. मानवी डोळ्यास प्रकाशमानतेतील फरक हिरव्या पट्ट्यात अधिक जाणवतो, म्हणून उरलेला एक बिट हिरव्याच्या वाट्यास आला. याचा तोटा असा की तिन्ही घटकांच्या पायऱ्या समान नसल्याने काही राखाडी छटांना किंचित हिरवट वा जांभळट झाक येई आणि आकाशासारख्या संथ छटांत पट्टे दिसत. काही चिपांत ५-५-५ अशी १५ बिटचीच वाटणी होती. दोहोंतील भेद ओळखण्यात आज्ञावलीची चूक झाल्यास संपूर्ण चित्राचा रंग बिघडे.

चोवीस बिटच्या 'ट्रूकलर'मध्ये प्रत्येक घटकास ८ बिट मिळाले आणि हे दोष बव्हंशी दूर झाले. परंतु तीन बाइटचा पिक्सेल प्रक्रियकाच्या चार बाइटच्या शब्दात नीट बसत नाही. म्हणून ड्रायव्हरांनी एक बाइट रिकामा सोडून ३२ बिटची मांडणी स्वीकारली. १०२४ × ७६८ च्या पडद्यास २३,५९,२९६ बाइटऐवजी ३१,४५,७२८ बाइट लागू लागले. स्मृती मोजून वेग विकत घेण्याचा हा व्यवहार होता. मार्च २००० मध्ये आलेल्या एक्सफ्री८६ च्या ४.० आवृत्तीने रंगाची खोली आणि पिक्सेलने व्यापलेली जागा या दोन संकल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या. '३२ बिट रंग' या लोकप्रिय शब्दप्रयोगात त्या आजही एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

आधाराची माघार आणि तिचे परिणाम :

ट्रूकलर सार्वत्रिक झाल्यावर ८ व १६ बिटच्या स्थिती निरुपयोगी भासू लागल्या. विंडोज व्हिस्टा (२००७) व विंडोज ७ (२००९) यांमध्ये खिडक्यांच्या संयोजनाची नवी पद्धत आली. २५६ रंगांची स्थिती मागितल्यास ही पद्धत तात्पुरती बंद करावी लागे. या प्रणालींवर १९९७ चा 'एज ऑफ एम्पायर्स', १९९८ चा 'स्टारक्राफ्ट' असे २५६ रंगांचे खेळ विकृत रंगांत दिसत असल्याचा अनुभव अनेक वापरकर्त्यांना आला. खेळाने मांडलेल्या पॅलेटमधील काही नोंदी डेस्कटॉपच्या प्रक्रियेकडून बदलल्या जात होत्या. खेळाची फाइल निर्दोष होती, कार्डही निर्दोष होते. बिघडला होता तो करार. विंडोज ८ (२०१२) पासून डेस्कटॉप कायमस्वरूपी ३२ बिटचा झाला. त्याहून कमी रंगखोली मागणाऱ्या उपयोजनांसाठी तिची नक्कल करण्याची सोय तेवढी उरली.

या माघारीत नेमके काय हरवते, हे एका तंत्रावरून स्पष्ट व्हावे. पॅलेटमधील रंग क्रमाने फिरविले, तर एकही पिक्सेल न बदलता धबधबा वाहू लागतो वा ज्योत लवलवू लागते. अमिगा संगणकावरील 'डीलक्स पेंट' (१९८५) या आज्ञावलीने हे तंत्र चित्रकारांच्या हाती दिले. विंडोज ९५ सुरू होताना पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टीही याच तंत्राची होती. अशा चित्राची आज साधी प्रत काढली, तर हाती येते ते एक गोठलेले दृश्य. गती फाइलमधील पिक्सेलांत नव्हती, ती पॅलेटमध्ये होती.

त्याही आधीचे उदाहरण सीजीएचे आहे. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एनटीएससी संकेतावर हे कार्ड जोडल्यास काळ्या-पांढऱ्या बारीक उभ्या पट्ट्यांतून नवे रंग उमटत. काही आज्ञावल्या त्यावर हेतुपुरस्सर विसंबून लिहिल्या गेल्या. संगणकाच्या नेहमीच्या मॉनिटरवर त्याच आज्ञावल्या केवळ पट्टे दाखवितात. येथे रंग फाइलमध्येही नव्हता आणि कार्डाच्या स्मृतीतही नव्हता.

महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातील बहुमाध्यमी सीडींपैकी अनेक २५६ रंगांची स्थिती गृहीत धरून तयार झाल्या होत्या. पडदा त्या स्थितीत नसल्यास काही सीडी तशी सूचना देऊन थांबत. अशी सीडी कपाटात सुरक्षित असणे आणि ती वाचनीय असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आठ बिटच्या पलीकडे :

प्रत्येक घटकास ८ बिट ही मर्यादाही अंतिम ठरली नाही. २००६ च्या एचडीएमआय १.३ प्रमाणकाने ३०, ३६ व ४८ बिटच्या रंगखोलीस वाव दिला. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.२०२० शिफारशीने अतिसुस्पष्ट दूरचित्रवाणीसाठी प्रत्येक घटकास १० वा १२ बिट सांगितले. १० बिट धरल्यास रंगांची संख्या १,०७,३७,४१,८२४ होते. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शरद आवृत्तीपासून उच्च प्रकाशव्याप्तीच्या डेस्कटॉपला आधार मिळाला.

याच टप्प्यावर ड्रायव्हरचे निर्णायक स्थान पुन्हा प्रत्ययास येते. छायाचित्र संपादनाच्या आज्ञावलींना ओपनजीएल या मार्गाने ३० बिटचा रंग देण्याची सोय एनव्हिडियाने दीर्घकाळ व्यावसायिक वर्गाच्या महागड्या कार्डांपुरती राखली होती. जुलै २०१९ मध्ये नव्या स्टुडिओ ड्रायव्हरद्वारे ती सामान्य वर्गाच्या कार्डांनाही मिळाली. ग्राहकांच्या घरातील कार्ड तेच होते, पडदाही तोच होता. बदलली ती आज्ञावली आणि तिच्यामागील व्यापारी धोरण. १९८१ मध्ये रंगाची मर्यादा स्मृतीने आखली होती, २०१९ पर्यंत ती अंशतः धोरणाने आखली जात होती.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. रंगखोलीच्या प्रत्येक टप्प्यामागे स्मृती, विभेदन व वेग यांची तडजोड होती. 'अधिक रंग म्हणजे प्रगती' एवढ्या सरळ सूत्रात हा इतिहास मावत नाही.

२. रंगाचा करार प्रथम उपयोजनाकडे, नंतर कार्यप्रणाली व ड्रायव्हर यांच्याकडे गेला. त्यामुळे आज्ञावली लिहिणे सुलभ झाले. परंतु जुन्या कृतींचे भवितव्य त्यांच्या कर्त्यांच्या हाती राहिले नाही.

३. प्रमाणके बहुधा अराजकानंतर आली आणि आधाराची माघार फारशी चर्चा न होता घडली. कोणती स्थिती केव्हा वगळली गेली, याची नोंद इतिहासाचे साधन म्हणून जपली पाहिजे.

४. अंकीय कृतीचे जतन करताना फाइलबरोबर तिची रंगखोली, पॅलेट, विभेदन आणि मूळ कार्यप्रणाली यांचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे. २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या डॉसबॉक्ससारख्या अनुकरण-आज्ञावली जुनी कार्डे व त्यांची पॅलेट आज्ञावलीच्या रूपाने पुन्हा उभी करतात. जतनाच्या कार्यात त्यांना मनोरंजनाची साधने न मानता वाचनाची साधने मानावयास हवे.

हस्तलिखिताचा कागद टिकला आणि लिपी वाचणारा उरला नाही, तर ते हस्तलिखित मूक होते. मोडी कागदपत्रांच्या संदर्भात महाराष्ट्रातील अभ्यासकांना या संकटाची जाण आहे. मोडी वाचणारे पुन्हा घडविता येतात, कारण लिपीची कोष्टके जपलेली आहेत. पडद्यावरील रंगाची कोष्टके जपण्याचे काम मात्र, ती यंत्रे हाताळलेली पिढी हयात आहे तोवरच सुकर आहे.